गळावरचं लाल गांडूळ

तलावाच्या काठचा मूठभर गाळ पांढऱ्या ताटलीत घ्या, वर दोन पेले पाणी घाला आणि ताटली न हलवता थोडा वेळ बसून राहा. गढूळपणा खाली बसला की गाळात हालचाल दिसू लागते. आधी एखादा लाल धागा दिसतो, मग चार-पाच, आणि नजर सरावली की सगळीकडे तेच. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा जीव डोकं गाळात खुपसून बसतो आणि शेपटी वर पाण्यात सोडतो. ती शेपटी सारखी डोलत असते. ताटलीला बोटानं हळूच टिचकी मारली तर सगळ्या शेपट्या एकदम गुडूप होतात आणि थोड्या वेळानं एकेक करून परत वर येतात.

भिलाई-दुर्गच्या परिसरात अशा गाळाला तोटा नाही. छत्तीसगडात गाव तिथे तलाव, आणि बऱ्याच गावांत एकाहून जास्त. शिवनाथ नदी दुर्गला लागून वाहते. तांदुळा, गोंदली आणि खरखरा या जलाशयांचं पाणी कालव्यानं पोलाद कारखान्यासाठी मरोद्याच्या तलावांत येतं आणि पाण्याबरोबर बारीक मातीही येते. संथ पाणी, मऊ तळ, कुजणारा पालापाचोळा आणि वस्तीचं थोडंफार सांडपाणी मिळालं की या लाल धाग्यांची भरभराट होते.

हा जीव म्हणजे ट्यूबिफेक्स, शेतातल्या गांडुळाचा पाण्यातला भाऊबंद. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना तो माहीत असतो, कारण वाळवून वड्या केलेलं ट्यूबिफेक्स दुकानात माशांचं खाद्य म्हणून मिळतं. त्याचं तोंड खाली असतं, कारण जेवण खाली आहे: तो गाळ गिळतो आणि त्यातले जिवाणू पचवतो. शेपटी वर असते, कारण श्वास वर आहे: शेपटीच्या पातळ त्वचेतून तो प्राणवायू घेतो. त्याच्या रक्तात विरघळलेलं लाल द्रव्य प्राणवायू घट्ट धरून ठेवतं, म्हणून इतर जीव गुदमरतील अशा पाण्यातही तो तग धरतो. पाण्यातला प्राणवायू जितका कमी, तितकी तो शेपटी जास्त बाहेर काढतो आणि तितकी जोरात हलवतो. हे डोलणं लक्षात ठेवा. पुढे गळावर जे बांधायचं आहे त्याचं मर्म या डोलण्यात आहे.

ताटलीत कधी याहून मोठं, बोटभर लांब गांडूळ सापडतं आणि त्याच्या शेपटीवर बारीक झालर दिसते. ही झालर म्हणजे कल्ले. याचं शास्त्रीय नाव ब्रँकियुरा सोवर्बी. आशियातल्या उबदार पाण्यातला हा रहिवासी, पण शास्त्राला त्याची पहिली ओळख झाली लंडनमध्ये. तिथल्या रीजंट्स पार्कमधल्या वनस्पती उद्यानात मोठ्या पानांची कमळं वाढवण्यासाठी गरम पाण्याचं टाकं होतं. त्या टाक्यातल्या चिखलात तो सापडला आणि 1892 मध्ये फ्रँक बेडर्ड यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून तो तिथवर पोचला असावा. आपल्याकडच्या तळ्यांत तो आजही सहज भेटतो.

तिसरा लाल धागा मुळात गांडूळ नव्हेच. त्याला तपकिरी डोकं आणि शरीरावर स्पष्ट पेरं असतात, आणि पोहताना तो इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या गिरक्या घेतो. ही कायरोनोमस नावाच्या न चावणाऱ्या चिलटाची अळी. संध्याकाळी तलावाजवळच्या दिव्यांभोवती ज्या चिलटांचे थवे घुटमळतात, त्यांचं बालपण याच गाळात जातं. कीटकांत हिमोग्लोबिन सहसा नसतं. या अळीत मात्र ते असतं, म्हणून तीही लालभडक.

प्राणिशास्त्रज्ञ या तिघांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. माशाच्या दृष्टीनं तिन्ही एकच: लाल, मऊ, विनापायाचं, पचायला सोपं आणि पळून न जाणारं अन्न. तळाशी चरणारा मासा दिवसभर हेच वेचत असतो.

हे वेचणारे मासे ओळखून घेतले तर पुढचं काम सोपं होतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं आणि तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यापुढे गांडूळ नाचवण्यात अर्थ नाही. रोहू मधल्या थरातला, त्याची आवड वनस्पतीकडे झुकलेली. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला असतं आणि तो तळाला लागूनच चरतो. पण या खेळातला खरा गडी सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. हा आपल्याकडचा मूळचा नव्हे. त्याचा एक वाण 1939 मध्ये श्रीलंकेतून उटीला आणला गेला आणि दुसरा 1957 मध्ये बँकॉकहून. आज तो मत्स्यशेतीच्या तलावांत सर्रास सोडला जातो. त्याच्या ओठांशी मिशांच्या दोन जोड्या असतात आणि त्या मिशांवर चवीच्या कळ्या असतात. तो चिखलात तोंड खुपसतो, ओठ नळीसारखे पुढे काढून मूठभर गाळ ओढून घेतो, आतल्या आत निवड करतो आणि नको ते भसकन बाहेर टाकतो. तलावात एके जागी बुडबुडे येताना आणि गढूळ ढग उठताना दिसला तर बहुधा तिथे त्याचं जेवण चाललेलं असतं.

काठावर बसणारा गरीवाला यासाठी खरं गांडूळच लावतो. छत्तीसगडीत त्याला गेंगरवा म्हणतात. फुटक्या मडक्यात ओली माती घालून त्यात ते जिवंत ठेवायचे आणि एकेक काढून गळाला टोचायचे, ही पद्धत इथून कोकणापर्यंत सारखी. ती उत्तम चालते. मग नकली गांडूळ बांधायचा खटाटोप कशाला? एक कारण व्यावहारिक आहे. खरं गांडूळ मासा गिळतो आणि गळ आत घशात रुततो. नकली गांडूळ तो ओठांत धरून थुंकायला बघतो, त्यामुळे गळ ओठातच लागतो आणि मासा जिवंत परत सोडता येतो. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. खरं गांडूळ टोचायला गांडुळाबद्दल काहीच माहीत असावं लागत नाही. नकली बांधायला मात्र ते कसं हलतं, किती लांब असतं, पाण्यात कसं बुडतं आणि कुठे थांबतं हे सगळं पाहावंच लागतं.

गळावर पिसं, लोकर, धागा, तार असं काहीबाही बांधून किडा तयार करायचा, त्याला फ्लाय म्हणायचं. ही कला जुनी आहे. इसवी सनाच्या 200 च्या सुमारास एलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या एका नदीवरच्या लोकांची रीत नोंदवली: ते गळाभोवती लाल लोकर गुंडाळत आणि तिला कोंबड्याची दोन पिसं जोडत. नोंद झालेल्या पहिल्याच फ्लायचा रंग लाल निघावा, याचा मला फार आनंद होतो. आपल्याकडे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 1129 च्या सुमारास लिहवलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. राजाच्या करमणुकीत गळ टाकण्याला जागा होती. त्यात नदीतले आणि समुद्रातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे माशांचे प्रकार केले आहेत आणि कोणत्या माशाला कोणता चारा घालावा हेही सांगितलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या भागावर लेख लिहून तो जगापुढे ठेवला. आधी माशाचं जेवण पाहायचं आणि मग गळ टाकायचा, ही दृष्टी तिथे स्पष्ट दिसते.

आपण बांधणार आहोत त्या गांडुळाला अमेरिकेतल्या नदीचं नाव आहे, सान ह्वान वर्म. न्यू मेक्सिको राज्यातल्या सान ह्वान नदीवर 1962 मध्ये नवाहो धरण पूर्ण झालं. धरणाच्या तळातून सुटणारं पाणी बारा महिने थंड आणि नितळ. त्यात ट्राउट मासे पोसले आणि तळाच्या गाळात पाणगांडुळंही. सत्तरच्या दशकात तिथल्या गळवाल्यांनी लाल मऊ धागा गळावर बांधून ट्राउट धरायला सुरुवात केली आणि ही रचना जगभर गेली. धरणाखालचा गाळ आणि त्यातली गांडुळं हे नातं भिलाईच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता बांधणी. जगातल्या सगळ्या फ्लायांत बांधायला सोपी ही, असं म्हणतात. साहित्य कमी लागतं हे खरं. पण ज्याला पाय नाहीत, पंख नाहीत, डोळे नाहीत, त्याची नक्कल करताना बांधणाऱ्याला लपायला जागा नसते.

गळ 12 नंबरचा घ्या. गळाच्या नंबरांत आकडा वाढला की गळ लहान होतो, हे नवख्यानं ध्यानात ठेवावं. थोडा वक्र दांडा असलेला गळ मिळाला तर उत्तम, कारण पाण्यात वाहणारं गांडूळ सरळ नसतं. टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करून टाका. मासा सोडताना त्याची जखम लहान राहते आणि आपल्या बोटात गळ रुतला तर तोही सहज निघतो.

अंगासाठी शेनील लागतं. मधल्या दोऱ्याभोवती आखूड मऊ तंतू दाट उभे असलेला हा गोफ हस्तकलेच्या दुकानात मिळतो. जाडी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर हवी आणि धागा नायलॉनचा हवा. सुती असेल तर पुढची एक महत्त्वाची पायरी जमणार नाही. बांधायला लाल पॉलिएस्टर धागा, जितका बारीक तितका बरा. वजनासाठी तांब्याची तार घ्यायची आणि ती मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळते. पंख्याच्या किंवा पंपाच्या मोटरमधली इनॅमलचा मुलामा असलेली 30 गेजची तार, म्हणजे साधारण 0.3 मिलिमीटर जाडीची. जुनी मोटर उकलल्यावर जे तुकडे उरतात, ते यासाठी पुरतात. मुलाम्यामुळे तिचा लालसर तपकिरी रंग पाण्यात काळवंडत नाही. शिसं अधिक जड असतं आणि स्वस्तही, पण ते वापरू नये. तळाशी हरवलेले शिशाचे मणी पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेनं मरतात. इंग्लंडनं याच कारणासाठी 1987 मध्ये गळाच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली.

गळ व्हाइसमध्ये घट्ट बसवा. सोनाराकडचा हातातला छोटा व्हाइस पुरतो, आणि कारखान्याच्या गावात टेबलाला लावायचा व्हाइस मिळायला अडचण नाही. गळाच्या नेढ्यामागून धागा सुरू करून दांड्यावर शेजारी शेजारी वेढे घेत वाकापर्यंत जा आणि मध्यावर परत या. हा पाया. तो नसेल तर वरचं सगळं गोल फिरतं. मग दांड्याच्या मधल्या भागात तांब्याच्या तारेचे आठ-दहा वेढे एकमेकांना चिकटून घ्या, टोकं कापा आणि त्यावरून धागा एकदा मागे, एकदा पुढे न्या.

शेनीलचा पाच सेंटिमीटरचा तुकडा घ्या. तो दांड्यावर असा आडवा ठेवा की एक टोक नेढ्याच्या पुढे आणि दुसरं वाकाच्या मागे मोकळं राहील. वाकाजवळ चार-पाच वेढे देऊन मागचा भाग पक्का करा. धागा शेनीलखालून पुढे न्या आणि नेढ्यामागे पुढचा भाग तसाच पक्का करा. दोन बांधण्यांच्या मधे शेनील किंचित सैल राहू द्या, म्हणजे तिथे अंग फुगीर दिसतं. प्रौढ गांडुळाच्या अंगावर जो जाडसर पट्टा असतो, ज्यातून अंड्यांचा कोश तयार होतो, तो इथे आपोआप साधतो. काही जण तिथे गुलाबी धाग्याचा वेगळा पट्टा देतात. पाणी स्वच्छ असेल तर त्याचा उपयोग होतो.

शेवटची गाठ नेढ्यामागे द्यायची. धाग्याचा फास करून त्याच धाग्याच्या टोकावरून चार-पाच वेढे घ्यायचे आणि टोक आत ओढून घ्यायचं. क्रिकेटच्या बॅटच्या मुठीवर दोरा गुंडाळून त्याचं टोक ज्या रीतीनं आत दडवतात, तीच ही रीत. गाठीवर नखं रंगवायच्या बिनरंगी पॉलिशचा एक थेंब द्या. थेंब शेनीलवर पसरू देऊ नका. तंतू ताठ झाले की गांडूळ मेलंच.

आता ती महत्त्वाची पायरी. लायटर पेटवा आणि शेनीलचं टोक ज्योतीजवळ आणा, ज्योतीत नाही. नायलॉनचे तंतू आक्रसतात आणि बोथट टोक निमुळतं होतं. अर्धा सेकंद जास्त झाला तर तिथे काळा कडक मणी तयार होतो आणि तो कापावाच लागतो. दोन्ही टोकं निमुळती झाली की फ्लाय पाण्यानं भरलेल्या पेल्यात सोडा. ती पोटाच्या भारानं खाली जावी आणि जाता जाता दोन्ही टोकं वर उचलली जावीत. टोकं वर उठून डोलली तर ताटलीतलं गांडूळ आपल्याला समजलं आहे. फ्लाय दगडासारखी सरळ तळाशी गेली तर तारेचे वेढे जास्त झाले आहेत. टोकं हललीच नाहीत तर शेनील जाड आहे किंवा तुकडा आखूड पडला आहे. तुकडा फार लांब ठेवला तर मासा मोकळं टोक ओढतो आणि गळापर्यंत पोचतच नाही.

रंगाबद्दल बरीच मतं ऐकू येतात. पाण्यात लाल प्रकाश सगळ्यांत आधी शोषला जातो, त्यामुळे खोलीवर लाल वस्तू काळसर दिसते. गढूळ पाण्यात बारीक मातीमुळे उजेडच कमी पोचतो. कार्पच्या डोळ्यात लाल ओळखणाऱ्या पेशी आहेत हे खरं, पण चिखलाचा ढग उठवून जेवणारा मासा मिशांनीच जास्त शोधतो. उथळ, नितळ पाण्यात गडद लाल आणि पावसानंतरच्या मातकट पाण्यात फिकट गुलाबी किंवा विटकरी, एवढी निवड पुरेशी आहे. वजन आणि डोलणं बरोबर असेल तर रंगाची थोडी चूक माशाला चालते, असं माझं मत आहे.

गांडूळ हा उडणारा किडा नव्हे, तेव्हा त्याची नक्कल फ्लाय म्हणवून घ्यायला लायक नाही, असं मानणारे लोक सान ह्वानच्या काठीही भेटतात. या वादाला मोठी परंपरा आहे. इंग्लंडात फ्रेडरिक हालफर्ड यांनी 1889 च्या पुस्तकातून तरंगत्या फ्लायचा आग्रह धरला आणि पाण्याखालची फ्लाय हलकी ठरवली गेली. जी. ई. एम. स्क्यूज यांनी 1910 मध्ये पाण्याखालच्या अळ्यांच्या नकलेची बाजू मांडली आणि त्यावर कित्येक वर्षं भांडणं झाली. मी स्क्यूज यांच्या बाजूचा. मासा पाण्याखाली जेवतो. जे तो जेवतो त्याची प्रामाणिक नक्कल करण्यात हलकेपणा कुठून आला? भिलाईच्या तलावात ट्राउटच्या देशातली माशी तरंगवणं हीच खरी उसनी हौस होईल. इथल्या पाण्याचा प्रतिनिधी गाळातला लाल धागा आहे.

पावसाळ्याचं गणित मात्र वेगळं आहे. पहिल्या मोठ्या पावसात शेतातली गांडुळं बिळं सोडतात, ओहोळांतून नदीत वाहून येतात आणि मासे तोंडाशी त्यांचीच वाट पाहत असतात. गांडुळाच्या फ्लायसाठी याहून चांगला काळ नाही. पण कार्प कुळातल्या आपल्या माशांची अंडी घालायची वेळही तीच, म्हणून छत्तीसगडात 16 जून ते 15 ऑगस्ट या काळात नद्यांत आणि त्यांना जोडलेल्या पाण्यात मासेमारीला बंदी असते. ती पाळावी, अगदी मासा परत सोडणार असलो तरी, कारण अंड्यांनी भरलेल्या मादीला ओढाताण सोसत नाही. हे दोन महिने बांधणीला द्यावेत. पुढच्या हंगामाला पुरतील इतक्या फ्लाय होतात आणि हातही बसतो. बंदी उठल्यावरही तलाव कुणाचा हे आधी विचारावं. बहुतेक तलाव मत्स्य सहकारी संस्थांना किंवा गावातल्या कुणाला पट्ट्यावर दिलेले असतात आणि त्यातले मासे त्यांनी पैसे घालून सोडलेले असतात. कारखान्याच्या पाणीपुरवठ्याच्या तलावांवर तर परवानगीशिवाय पाऊलही ठेवू नये.

फ्लाय टाकायची खास दोरी भिलाईत सहज मिळणार नाही. अडत नाही. जपानात डोंगराळ ओढ्यांवर रीळ नसलेली लांब काठी आणि तिच्या टोकाला बांधलेली दोरी एवढ्यावर फ्लाय टाकतात, त्याला तेंकारा म्हणतात. आपली बांबूची काठी त्याच जातीची. काठीच्या लांबीइतकी दोरी, शेवटी हातभर बारीक नायलॉन, आणि फ्लायच्या वर पाण्याच्या खोलीइतक्या अंतरावर हलका तरंगा. मोरपिसाच्या काडीचा तुकडा तरंगा म्हणून फार संवेदनशील ठरतो. बुडबुड्यांच्या जागेपासून थोडं पलीकडे फ्लाय हळूच सोडा, तळाला टेकू द्या आणि तिथे नुसती राहू द्या. अधूनमधून काठी वीतभर वर उचलून परत खाली सोडा. खरं पाणगांडूळ पोहत नाही, म्हणून फ्लाय ओढत नेऊ नका.

सायप्रिनस फ्लाय ओढून घेतो तेव्हा तरंगा बुडेलच असं नाही. कधी तो नुसता आडवा होतो, कधी जागच्या जागी थबकतो, कधी वाऱ्याच्या उलट बोटभर सरकतो. त्या क्षणी मनगटानं काठी वर घ्यायची. वाट पाहिली तर फ्लाय चिखलाबरोबर बाहेर पडलेली असते. मासा काठाशी आला की त्याला जमिनीवर आपटू देऊ नका. हात ओले करा, त्याला पाण्यातच धरा आणि गळ मागे ढकलून काढा. काटा दाबलेला असेल तर तो सरळ निघतो. चार-पाच मासे झाले की शेनीलची टोकं विस्कटतात. ती लायटरजवळ नेऊन पुन्हा निमुळती करता येतात. शेनील दांड्यावर फिरू लागलं तर मात्र ब्लेडनं धागा कापून सगळं उतरवावं, गळाचं टोक नखावर ओढून धार तपासावी आणि त्याच गळावर पायाच्या वेढ्यांपासून पुन्हा सुरुवात करावी.